आखाड्याबाहेरचा पैलवान

महाराष्ट्रात पैलवानाचे कौतुक नुसत्या ताकदीचे नसते. गावचा पैलवान म्हटला की तो निर्व्यसनी असणार, पहाटे उठणारा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा आणि दुबळ्यावर हात न उचलणारा असणार, असे लोक धरूनच चालतात. क्रिकेटपटूकडून इतकी अपेक्षा कोणी ठेवत नाही, नटाकडून तर मुळीच नाही. म्हणूनच एखादा नामांकित मल्ल पंचाच्या अंगावर धावला किंवा पोलीस कोठडीत दिसला की चाहत्यांना बसणारा धक्काही मोठा असतो. लढाऊ खेळांत नाव कमावलेली माणसे खासगी आयुष्यात चांगली असतात का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. कुस्तीच्या मुलखात तो विचारताना सुरुवात तालमीतल्या नियमांपासून करावी लागते, कारण पैलवान चांगलाच असतो ही समजूत तिथे घडली.

तालमीचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. हौद्यातली लाल माती खोऱ्याने उकरून भुसभुशीत करायची, मग जोर, बैठका आणि उजाडता उजाडता लढती. या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर असे बरेच काही जिरवलेले असते. तिच्यात उतरण्याआधी मल्ल ती कपाळाला लावतो, कोपऱ्यातल्या मारुतीला नमस्कार करतो, वस्तादांच्या पाया पडतो. धाकट्याने थोरल्याचे अंग रगडायचे, थोरल्याने धाकट्याला डाव दाखवायचा, झाडलोटीची पाळी कोणी चुकवायची नाही. दारू, तंबाखू, जागरण वर्ज्य. सर्वांत कडक नियम लंगोटाचा, म्हणजे ब्रह्मचर्याचा. वीर्य राखले तर बळ राहते अशी जुनी समजूत त्यामागे आहे आणि शरीरशास्त्राने तिला दुजोरा दिला नसला तरी तालमीत ती अजून टिकून आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हीच गोष्ट मध्यभागी ठेवली होती: आखाड्यातल्या माणसाच्या दृष्टीने कुस्ती ही जगण्याची एक शिस्त असते आणि लढत हा तिचा एक भाग.

ही शिस्त फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मल्लांवर स्वतंत्र प्रकरण देतो. त्यात मल्लांच्या वय, अंगलट आणि कौशल्य यांवरून केलेल्या प्रती आहेत, त्यांच्या आहाराची आणि मेहनतीची व्यवस्था आहे. पुढे देवगिरीवर स्वतंत्र राज्य करणारे यादव याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे दख्खनच्या या भागात राजाने मल्ल पोसायचे आणि पोसणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे मल्लाने राहायचे, हा व्यवहार निदान नऊशे वर्षांचा आहे.

व्यवहार हा शब्द इथे मुद्दाम वापरायला हवा. पैलवान घडवणे ही खर्चाची गोष्ट आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई, फळे आणि मांसाहार करणाऱ्यांच्या बाबतीत मटण व अंडी, असा खुराक वर्षानुवर्षे पुरवावा लागतो आणि तो एका सामान्य शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. पूर्वी संस्थानिक तो भार उचलत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तर देशभरचे मल्ल आश्रयाला आणले, तालमींना मदत केली आणि युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या कलोझियमवरून सुचलेले खासबाग मैदान उभारले. ते १९१२ मध्ये खुले झाले. संस्थाने विलीन झाल्यावर साखर कारखाने, दूध संघ आणि पुढारी त्या जागी आले. गावपातळीवर मात्र बाप जमिनीचा तुकडा विकतो, चुलते हातभार लावतात, गाव वर्गणी काढते. इतक्यांच्या पैशावर वाढलेला मुलगा दारूच्या गुत्त्यावर दिसला तर लोक चिडणारच. पैलवानाच्या सद्गुणांची जी यादी समाज जपतो, ती बारकाईने पाहिली तर बरीचशी या गुंतवणुकीची राखण आहे.

मराठवाड्यात या समजुतीला भक्तीचीही जोड आहे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा रस्ता दौलताबादच्या तटाला धरून खुलताबादला पोहोचतो. तिथे पहुडलेल्या मूर्तीचा भद्रा मारुती आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारांना शहरातून रात्रभर चालत जाणाऱ्यांची रीघ दौलताबादवरूनच जाते आणि त्यांत तालमीतली पोरे असतातच. मारुती हा मल्लांचा देव आहे तो बळामुळे आणि तितकाच दास्यामुळे: अफाट ताकद असूनही दुसऱ्याच्या पायाशी बसणारा.

दौलताबादच्या किल्ल्यावरही हाच आदर्श माणसाच्या रूपात सांगितला जातो. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी किल्ल्याचा कारभार पाहणारे जनार्दनस्वामी दत्तभक्त होते आणि त्यांची समाधी किल्ल्यावर आहे. पैठणचे एकनाथ लहानपणी त्यांच्याकडे आले, हिशेब लिहू लागले. चरित्रकथा अशी की, गुरू समाधीत असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी गुरूंचाच पोशाख आणि हत्यारे अंगावर चढवून लढाई निभावली आणि नंतर त्याचा उच्चारही केला नाही. याच एकनाथांच्या अंगावर पैठणला एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते रागावण्याऐवजी पुन्हा पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, ही दुसरी कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. दोन्ही कथा ऐतिहासिक पुराव्याच्या पलीकडच्या आहेत. पण लढू शकणारा आणि तरीही न चिडणारा माणूस हीच मराठी मनातली बलवानाची कसोटी आहे, हे त्यांतून स्पष्ट दिसते. आखाड्यातल्या पैलवानाला लोक नकळत त्याच मापाने मोजतात, आणि ते माप संताचे आहे.

राज्यातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेची सुरुवातही याच जिल्ह्यात झाली. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ मध्ये स्थापन झाली आणि ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली लढत १९६१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. सांगलीकडचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. तेव्हापासून चांदीची गदा खांद्यावर घेतलेला मल्ल हा राज्याचा लाडका झाला, आणि त्याच्या वागण्याकडे राज्याचे डोळे लागले.

चांगल्या माणसाचे उदाहरण म्हणून खाशाबा जाधवांचे नाव सर्वांत आधी येते, आणि ते योग्यच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनापासून गावापर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना माहीत असते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. मिरवणूक संपल्यावर या माणसाने कुस्त्यांची मैदाने भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवले.

या एका कृतीतून खाशाबांच्या स्वभावाबद्दल जितके कळते तितके पदकातून कळत नाही. देणे फेडण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. शिवाय त्यांचा पुढचा काळ प्रसिद्धीच्या उजेडाबाहेर गेला. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, सुमारे २७ वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. पदकविजेता म्हणून सरकारदरबारी ज्या सन्मानाचा त्यांना हक्क होता तो हयातीत मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार २००१ मध्ये मरणोत्तर मिळाला. इतका काळ उपेक्षा सोसूनही त्यांनी त्याचे भांडवल केले नाही. खासगी आयुष्यातली सज्जनता बाहेरच्यांना दिसते ती अशाच ठिकाणी, जिथे वागण्याचा मोबदला मिळण्याची आशा नसते.

मराठवाड्यातले नाव घ्यायचे तर हरिश्चंद्र बिराजदारांचे. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातले रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. १९६९ मध्ये लातूरलाच ते महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि दिल्लीच्या सतपालला हरवल्याची कुस्ती अजून फडांवर चवीने सांगितली जाते. त्यांची खरी कमाई मात्र नंतरची आहे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेली पोरे घडवली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांपैकी एक. बिराजदार २०११ मध्ये वारले. राहुलने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले तेव्हा ते आपल्या या गुरूला वाहिले. गुरू हयात असताना शिष्याने पाया पडणे हा तालमीतला रिवाजच असतो. गुरू जाऊन सात वर्षे झाल्यावर, त्याच्याकडून काही मिळण्याची शक्यता उरली नसताना केलेली आठवण ही वेगळ्या तोलाची साक्ष आहे. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पहिल्या पिढीतले हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांनीही असाच दीर्घकाळ शिकवण्यात घालवला. ‘आबा’ हे त्यांचे नाव शिष्यांच्या तोंडी राहिले आहे.

फाळणीच्या वेळची गामा पैलवानाची गोष्ट याच रांगेत बसते. जगज्जेता म्हणून गाजलेल्या या मल्लाने १९४७ मध्ये लाहोरात आपल्या मोहल्ल्यातल्या हिंदू शेजाऱ्यांना जमावापासून वाचवले आणि सुरक्षित बाहेर काढले, असे सांगितले जाते. त्याचे शेवटचे दिवस आजारपणात आणि ओढगस्तीत गेले.

मग या सगळ्यांवरून पैलवान चांगले असतात असा निष्कर्ष काढावा का? इथे थोडे थांबावे लागते, कारण तालमीची आचारसंहिता जितकी कडक तितकीच ती अरुंद आहे. तिच्यात आहार, झोप, व्यसन, वासना आणि वस्तादाची आज्ञा यांचा बारीक विचार आहे. बायकोशी कसे बोलावे, भाऊबंदकीत कसे वागावे, हातात सत्ता किंवा पैसा आला तर काय करावे, हरल्याचा राग कुठे रिचवावा, यांबद्दल ती जवळजवळ काही सांगत नाही. ती शरीरावर ताबा ठेवायला शिकवते. दयाळूपणा तिच्या अभ्यासक्रमात नाही. तो असलाच तर त्या वस्तादाकडून किंवा घरून येतो. ब्रह्मचर्याचा नियम पाळणारा मल्ल स्त्रियांशी आदराने वागेलच असेही नाही. उलट, स्त्री म्हणजे बळाला धोका ही कल्पना त्या नियमाच्या पोटात बसलेली असते. लग्न झाल्यावरही तालमीतच झोपणाऱ्या पैलवानाचे गाव कौतुक करते. त्या घरातल्या सुनेला कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी अडचण पाहणाऱ्यांच्या मनाची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. त्यांत शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. ज्याची शरीरयष्टी उत्तम ठरली त्याला चारित्र्यातही भरभरून गुण पडले होते. एका गुणाचा झगमगाट डोळ्यांवर आला की उरलेले गुण न तपासताच बहाल केले जातात. सहा फुटांचा, भरल्या अंगाचा, नम्रपणे हात जोडणारा मल्ल फेटा बांधून मंचावर आला की हेच होते. त्यात फडावरची रीत आणखी भर घालते. जिंकलेला हरलेल्याला मिठी मारतो, धाकटा मोठ्याच्या पायाला हात लावतो. हे सुंदर आहे आणि बहुतेक वेळा मनापासूनचेही असते. पण तो रिवाज आहे, आणि तो पाळणाऱ्या प्रत्येकाचे घर तसेच असेल असे त्यावरून ठरत नाही.

रिवाज मोडल्याचा प्रसंग महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ टेकली नव्हती असे म्हणत, आधी महाराष्ट्र केसरी राहिलेल्या राक्षेने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही गुणांवरून वाद घालून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक यावर नंतर बरीच चर्चा झाली, आणि खेळाडूच्या बाजूने बोलणारे जुने मल्लही निघाले. वर्षभराची मेहनत एका शिट्टीत गेल्याची वेदना खरी असते. तरीही या एका क्षणावरून राक्षे माणूस म्हणून कसा आहे हे सांगणे जितके घाईचे, तितकेच त्याच्या आधीच्या दोन गदांवरून तो सज्जन आहे असे म्हणणेही घाईचे होते. चाहत्यांनी दोन्ही प्रकारची घाई केली.

देशाच्या पातळीवर सर्वांत मोठा धक्का सुशीलकुमारचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि लंडनला २०१२ मध्ये रौप्य मिळवणारा हा मल्ल महाराष्ट्रातल्या तालमींतही भिंतीवरच्या फोटोत होता. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीत एका तरुण कुस्तीगीराचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणात सुशीलला अटक झाली. २०२२ मध्ये खुनासह इतर आरोप निश्चित झाले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा जामीन रद्द केला तेव्हा खटला चालूच होता. दोष सिद्ध झालेला नाही, त्यामुळे न्यायनिवाडा न्यायालयावर सोडणेच रास्त. मात्र या प्रकरणाने एक गोष्ट लोकांसमोर आणली: तालमीतले गुरू-शिष्याचे नाते जेव्हा आश्रयदाता आणि त्याची माणसे असे होऊ लागते, तेव्हा आज्ञाधारकपणा हा गुण राहतोच असे नाही. वस्तादाच्या शब्दाबाहेर न जाणारी वीस दणकट पोरे ही चांगल्या वस्तादाच्या हाती संस्था असते. दुसऱ्या कोणाच्या हाती ती टोळी होऊ शकते.

हे पैलवानांच्या रक्तातले नाही, त्यांच्या रोजगारातले आहे. कुस्तीचे वय तिशीच्या आसपास ओसरते. त्याआधीच गुडघा किंवा खांदा गेला तर आणखी लवकर. शिक्षण अर्धवट, खुराकाचे कर्ज डोक्यावर, आणि अंगात ताकदीशिवाय दुसरे भांडवल नाही. अशा वेळी निवडणुकीत, जमिनीच्या व्यवहारात, वसुलीत ‘माणसे’ लागणारे लोक तालमीच्या दारात येतात. फार थोडे जण त्यांच्यामागे जातात, बाकीचे शेतीकडे, दुधाच्या धंद्याकडे, गाडी चालवण्याकडे वळतात, पण बातमी पहिल्यांची होते. म्हणून खेळाडूंना थेट सरकारी नोकरी देण्याचे धोरण हे केवळ बक्षीस नाही. राहुल आवारे, तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला जळगावचा विजय चौधरी, नरसिंग यादव ही माणसे पोलीस खात्यात वरच्या पदांवर गेली. खाशाबांच्या वेळी उपनिरीक्षकाची जागा मिळाली होती, एवढा फरक पडला आहे. जिल्ह्याच्या यात्रेत दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती करणाऱ्यासाठी मात्र अजून फारशी सोय नाही.

लढाऊ खेळ माणसाला हिंसक बनवतात की शांत, याचा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे उत्तर एकमुखी नाही. नॉर्वेतल्या इंगर एंड्रेसन आणि डॅन ओल्वेयस यांनी ११ ते १३ वयाच्या मुलांचा पुढे दोन वर्षे मागोवा घेतला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: बॉक्सिंग, कुस्ती, भारोत्तोलन आणि आशियाई युद्धकला यांत शिरलेल्या मुलांचे खेळाबाहेरचे दांडगाईचे वागणे वाढले होते. त्याआधी १९८६ मध्ये अमेरिकेत मायकल ट्रुल्सन यांनी गुन्हेगारीकडे झुकलेल्या मुलांच्या छोट्या गटावर प्रयोग केला होता. ज्यांना तायक्वांदो पारंपरिक पद्धतीने, म्हणजे ध्यान, आदर आणि तत्त्वज्ञानासह शिकवले ती मुले शांत झाली. ज्यांना नुसते मारण्याचे तंत्र शिकवले ती आणखी आक्रमक झाली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर खेळापेक्षा शिकवणाऱ्याकडे बोट जाते. जपानात १८८२ मध्ये ज्युदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी पुढे परस्परांचे भले हे तत्त्व शिकवणीचाच भाग केले, ते उगीच नाही.

कुस्ती आणि ठोशांचे खेळ यांत एक फरकही विसरू नये. बॉक्सरच्या डोक्यावर वर्षानुवर्षे मार बसतो. अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामाचे वर्णन केले होते, आणि अशा इजेतून विस्मरण, चिडचिड, आवेग न आवरणे हे पुढे येऊ शकते हे आता मान्य झाले आहे. त्यामुळे निवृत्त बॉक्सरच्या घरातला संताप कधी कधी स्वभावाइतकाच आजाराचाही असू शकतो. कुस्तीत ठोसा मारणे निषिद्ध आहे. पैलवानाचे कान चुरगळतात, मेंदूवर तसा मार सहसा येत नाही. पैलवानाच्या गैरवर्तनाला ही सबब फारशी लागू पडत नाही.

बाहेरच्या जगातली उदाहरणे पाहिली तर चित्र अधिकच गुंतागुंतीचे होते. महंमद अली यांनी १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जायला नकार दिला, जगज्जेतेपद गमावले, उमेदीची तीन वर्षे रिंगबाहेर काढली, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. असे धैर्य दाखवणारे खेळाडू विरळाच. याच अलींनी अडचणीच्या काळात मदतीला आलेल्या जो फ्रेझरला १९७५ च्या मनिलातल्या लढतीआधी जाहीरपणे गोरिला म्हणून हिणवले, आणि फ्रेझरच्या मनातला तो सल कित्येक वर्षे गेला नाही. संसारातही अली एकनिष्ठ नव्हते. माइक टायसनला १९९२ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झाली, तीन वर्षे तुरुंगात गेली, आणि बाहेर आल्यावर त्याच्या लढतींना पूर्वीसारखीच गर्दी झाली. अर्जेंटिनाचा कार्लोस मोंझोन सात वर्षे जगज्जेता होता. १९८८ मध्ये मुलाची आई असलेल्या आपल्या पूर्वीच्या जोडीदाराची त्याने हत्या केली, त्याला शिक्षा झाली, आणि १९९५ मध्ये तुरुंगातून रजेवर आलेला असताना तो अपघातात गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक होते. चाहत्यांना ठाऊक नव्हते म्हणून ते गेले असे नाही. ठाऊक असूनही गेले.

हे इथेही घडते. आवडत्या मल्लावर आरोप झाला की पहिल्या दिवशी ‘तो असे करूच शकत नाही’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी ‘समोरच्यानेच काहीतरी केले असेल’. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले तेव्हा लैंगिक छळाचे आरोप खेळाडूंवर नव्हते, भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर होते. देशासाठी पदके आणणाऱ्या मुलींचे म्हणणे ऐकून घ्यायलासुद्धा कुस्तीच्या जगातल्या अनेकांनी वेळ लावला. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुली हौद्यात उतरू लागल्यावर चांगला पैलवान कोणाला म्हणायचे या प्रश्नात एक नवी बाजू आली आहे: सरावाच्या जागी मुलींना तो कसा वागवतो. जुन्या आचारसंहितेत याचे उत्तर नाही, ते नव्याने लिहावे लागणार.

एखाद्या मल्लाच्या खासगी आयुष्याबद्दल काही ठरवायचे तर साक्षीदार निवडून घ्यावे लागतात. सत्कार समितीचे अध्यक्ष आणि फ्लेक्सवरचे मजकूर कामाचे नाहीत. तालमीत एकाच खोलीत वर्षानुवर्षे राहिलेला जोडीदार, हरवलेला प्रतिस्पर्धी, उधारीवर दूध देणारा गवळी, मोडलेल्या पायाने परत गावी गेलेला शिष्य आणि घरातल्या बायका यांचे म्हणणे त्याहून भरवशाचे. नरसिंग यादवसारख्या प्रकरणात तर एवढेही पुरत नाही. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर २०१६ मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला, आपल्या खाण्यात कोणीतरी भेसळ केली असे त्याने सांगितले, देशातल्या संस्थेने ते मानले आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने न मानता चार वर्षांची बंदी घातली. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दलचे मत आजही माणूस कोणत्या गटाचा आहे यावरून ठरते.

मराठीत पैलवानांवर लिहिलेले बरेचसे गौरवग्रंथ आणि वृत्तपत्रांतले मृत्युलेख आहेत. त्यांत कोणाला कोणत्या मैदानात किती मिनिटांत कोणत्या डावावर चितपट केले हे तपशीलवार मिळते, इनामाची रक्कमही मिळते. पत्नीचे नाव बहुधा शेवटच्या ओळीत, ‘पश्चात’ या शब्दानंतर येते.